परिपाठ ते गॅदरिंग : प्राथमिक शाळेत गाणं कसं सुरू करावं

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. उघडल्या की पहिल्याच बैठकीत कामं वाटली जातात. कुणाकडे पोषण आहार, कुणाकडे शिष्यवृत्ती, कुणाकडे क्रीडा, आणि नव्यानं रुजू झालेल्या शिक्षकाकडे बहुतेक वेळा ‘परिपाठ आणि गॅदरिंग’. तुम्हाला गाता येतं का, हे कुणी विचारत नाही. मी नागपुरात २२ वर्षं प्राथमिकला शिकवते आहे आणि पहिल्या वर्षी माझ्याकडेही हेच काम आलं होतं. त्या वेळी मला कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, अशा गोष्टी इथे क्रमानं लिहिते आहे. पेटी वाजवता येत नसेल तरी यातलं बरंचसं जमतं.

आधी एक गोष्ट, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. मी चौथीत असताना स्नेहसंमेलनाच्या समूहगीतात होते. तालमीच्या तिसऱ्या दिवशी बाईंनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाल्या, “तू उभी राहा, पण नुसते ओठ हलव.” मी ओठ हलवले. त्यानंतर तिशी उलटेपर्यंत चारचौघांत गायले नाही. आज माझ्या वर्गात दरवर्षी चार-पाच मुलं अशी असतात की ज्यांचा सूर लागत नाही, आणि त्यांतल्या बहुतेकांचा सूर दिवाळीपर्यंत लागतो. म्हणून नियम एकच ठेवा : वर्गात जितकी मुलं, तितकी सगळी गाणार. निवड करायची ती गाण्याची, मुलांची नाही.

पहिले पंधरा दिवस : ऐका

लगेच गाणं शिकवायला घेऊ नका. रोज दहा मिनिटं काढा. मला मधल्या सुट्टीनंतरची वेळ बरी वाटते, तेव्हा मुलं तशीही स्थिर नसतात. विचारा, घरी कोण काय म्हणतं? नागपूरच्या एका वर्गात या प्रश्नाला काय काय उत्तरं येतात, ते ऐकून घ्या. कुणाचे आजोबा राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजनं खंजिरीवर म्हणतात. कुणाच्या वस्तीत वर्षभर भीमगीतं चालतात आणि दीक्षाभूमीला जाताना अख्खं घर ती म्हणतं. कुणी ताजबागच्या उरुसात कव्वाली ऐकलेली असते. कुणाची आई छत्तीसगढी अंगाई गाते. एकदा दुसरीतला एक मुलगा म्हणाला, “म्याडम, आमची आजी रोज म्हणून राहिली असते, मी तर झोपूनच जातो.” त्यानं ते गाणं म्हणून दाखवलं, आणि सूर पक्का होता.

एक वही करा. गाण्याचा मुखडा, कुणाच्या घरचं आहे, कोणत्या भाषेतलं आहे, एवढं लिहा. ही वही पुढे वर्षभर कामाला येते. मुलाच्या घरचं गाणं वर्गात आलं की ते मूल शिकवणाऱ्याच्या जागी बसतं, आणि इतरांना ते आवडतं.

मग ताल : आधी पाय, मग हात

सुरापेक्षा ताल आधी घ्या. लहान मुलांना लय अंगात लवकर सापडते आणि त्यात कुणाची फजिती होत नाही. वर्गात गोल करून चालायला लावा, पावलांचा आवाज एकत्र यायला हवा. दोन-तीन दिवसांत आला की टाळ्या सुरू करा.

दोन ताल पुरतात. दादरा ६ मात्रांचा, म्हणजे ६ ठोक्यांचा : धा धी ना, धा ती ना. केरवा ८ मात्रांचा : धा गे ना ती, न क धी ना. पहिल्या मात्रेवर टाळी, आणि अर्ध्यावर, म्हणजे दादऱ्यात चौथ्या आणि केरव्यात पाचव्या मात्रेवर, हात उघडा. तबल्याचे बोल मुलांना सुरुवातीला परके वाटतात, म्हणून मी आपल्या शहरातल्या जागा वापरते. ‘इत-वा-री, इत-वा-री’ म्हटलं की सहा मात्रा झाल्या, दादरा तयार. ‘अं-बा-झ-री, अं-बा-झ-री’ म्हटलं की आठ, केरवा तयार. अर्धा वर्ग इतवारी, अर्धा वर्ग अंबाझरी, आळीपाळीनं. दोन्ही एकदम मात्र म्हणायला लावू नका, पहिलीतली मुलं गोंधळतात. चौथीला जमतं आणि त्यांना त्यात फार मजा येते.

लय पळते, हे तुमच्या लक्षात येईल. मुलांना आनंद झाला की ती वेग वाढवतात. ओरडू नका, पायानं ठेका धरा आणि आवाज हळू करा. आवाज खाली आला की लयही खाली येते.

पट्टी : इथेच सगळ्यात जास्त चुकतं

शाळेतली मुलं बेसूर गातात, असं आपण म्हणतो तेव्हा बऱ्याचदा पट्टी, म्हणजे गाण्याचा ‘सा’ ज्या उंचीवर धरला ती, चुकलेली असते. मोठ्या माणसाच्या, विशेषतः गुरुजींच्या, आवाजात आणि सात वर्षांच्या मुलाच्या आवाजात साधारण एका सप्तकाचं अंतर असतं. गुरुजी आपल्या सोयीच्या सुरात सुरू करतात. मुलं त्या खालच्या आवाजाची नक्कल करायला जातात तेव्हा घशात घरघर होते. नाहीतर वर जातात आणि किंचाळतात. पुरुष शिक्षकांनी म्हणून स्वतः गाऊन सूर देण्यापेक्षा पेटीवर किंवा मोबाइलमधल्या तानपुऱ्याच्या अॅपवर सूर द्यावा, किंवा वर्गातल्या पक्क्या सुराच्या एखाद्या मुलाला पहिली ओळ म्हणायला सांगावी.

पट्टी कशी ठरवायची? गाण्यातला सगळ्यात खालचा सूर आणि सगळ्यात वरचा सूर शोधा. हे दोन्ही पेटीच्या मधल्या सप्तकात, पांढरी एकपासून (इंग्रजीत C) वरच्या पांढरी एकपर्यंत, किंवा त्याच्या फार तर एक-दोन सूर इकडेतिकडे बसले पाहिजेत. पहिली-दुसरीच्या मुलांचा पल्ला याहूनही लहान असतो, पाच-सहा सूर, म्हणून त्यांच्यासाठी कमी चढउताराची गाणी घ्या. सा रे ग प ध एवढेच सूर असलेली, भूप रागासारखी चाल त्यांना पटकन बसते.

राष्ट्रगीताचं उदाहरण घेऊ, कारण ते रोज म्हणायचंच आहे. ते मंद्र निषादापासून (खालच्या सप्तकातला नी) तार षड्जापर्यंत (वरच्या सप्तकातला सा) जातं. शेवटाकडे तीनदा ‘जय हे’ येतं, त्यातल्या पहिल्याला तार षड्ज लागतो. सुरुवात काळी तीन, काळी चारला (F#, G#) झाली की तिथे पोचेपर्यंत अर्धी शाळा गप्प आणि उरलेली किंचाळत असते. षड्ज पांढरी एक ते पांढरी दोनच्या मध्ये ठेवा, सगळ्यांना ते गाता येतं. दुसरं, वेळ मोजा. पूर्ण राष्ट्रगीताला सुमारे ५२ सेकंद लागायला हवेत. आमच्या मैदानावर पहिल्यांदा मोजलं तेव्हा ते एका मिनिटाच्या पुढे गेलं होतं. मागच्या रांगा पुढच्या रांगांना ऐकून गातात, म्हणून लय ओढली जाते. उपाय साधा आहे. पक्क्या लयीच्या आठ-दहा मुलांना एकाच ठिकाणी पुढे न ठेवता रांगांमध्ये विखरून उभं करा.

राज्यगीतही परिपाठात आहे. ‘जय जय महाराष्ट्र माझा’ला १९ फेब्रुवारी २०२३ पासून राज्यगीताचा दर्जा आहे. ते लिहिणारे राजा बढे नागपुरात जन्मले, हे मुलांना जरूर सांगा. पहिल्याच कडव्यातली वरदा म्हणजे आपली वर्धा नदी, हेही सांगा. माझ्या वर्गातल्या मुलांनी हे कळल्यावर तो शब्द जरा जोरातच म्हणायला सुरुवात केली, आणि मी त्यांना थांबवलं नाही.

एक गाणं शिकवायचं कसं

पहिल्या दिवशी तुम्ही पूर्ण गाणं म्हणा, दोनदा. मुलांनी फक्त ऐकायचं. अर्थ सांगा, पण व्याख्यान नको. दुसऱ्या दिवशी शब्द तालात बोलून घ्या, सूर न लावता. तिसऱ्या दिवशी एक ओळ तुम्ही, तीच ओळ मुलं. ओळ चुकली तर सगळं गाणं पुन्हा सुरुवातीपासून घेऊ नका. जिथे अडलं ते दोन शब्द चार वेळा घ्या आणि पुढे चला. मुलं गात असताना तुम्ही गाऊ नका, हे सगळ्यात अवघड आहे. तुम्ही गात राहिलात तर ती तुमच्यावर रेलतात, आणि तुम्हाला त्यांचा सूर ऐकूही येत नाही.

फळ्यावर पूर्ण गाणं लिहून द्यायची घाई करू नका. डोळे फळ्यावर गेले की कान बंद होतात. तिसरी-चौथीला शब्द पाठ झाल्यावर वहीत उतरवायला द्या, शुद्धलेखनही होतं.

पंखा आणि कूलर चालू असेल तर मुलं त्या आवाजावर मात करायला ओरडून गातात. मार्च-एप्रिलमध्ये सकाळची शाळा असते, तेव्हा गाण्याची दहा मिनिटं पहिल्या तासिकेत घ्या आणि तेवढा वेळ कूलर बंद ठेवा.

ज्यांचा सूर लागत नाही

हे मी सगळ्यात काळजीनं लिहिते आहे. एकाच सुरात सगळं गाणं म्हणणारं मूल बहिरं नसतं आणि मठ्ठही नसतं. बहुतेकदा त्याला गाण्याचा आवाज आणि बोलण्याचा आवाज वेगळा असतो, हे अजून सापडलेलं नसतं. त्याला गाण्याऐवजी आवाज काढायला सांगा. कोकिळेसारखं ‘कुऽऽहू’, फेरीवाल्याची हाक, वर चढणारा भोंगा. यातून आवाज वर जाऊ शकतो, हे त्याला कळतं. मग ते मूल जो सूर लावतं, तोच सूर तुम्ही लावा. नेहमी मूल आपल्या सुरात यावं अशी आपली अपेक्षा असते. आधी आपण त्याच्या सुरात जायचं, तिथे दोघांचा आवाज मिळाला की त्याच्या चेहऱ्यावर ते दिसतं. मग हळूहळू एक-एक सूर वर सरका. रोज दोन मिनिटं, सगळ्यांसमोर नव्हे.

समूहात अशा मुलाला दोन पक्क्या मुलांच्या मध्ये उभं करा. टाळ त्याच्या हातात द्या, पण ‘तू टाळ वाजव, गाऊ नको’ असं म्हणून देऊ नका. टाळ वाजवत गाऊ दे.

वाद्यं आणि नागपूरचं ऊन

शाळेचा निधी थोडा असतो. मी खरेदीचा क्रम असा ठेवीन : चार-पाच खंजिऱ्या, दोन-तीन टाळाचे जोड, एक ढोलकी, आणि मग पेटी. पेटी आधी घेतली तर ती कपाटात राहते, कारण वाजवणारं कुणी नसतं. खंजिरी मुलाच्या हातात मावते, पहिल्या दिवशी वाजते, आणि ती आपल्या भागाची आहे. गुरुकुंज मोझरीच्या तुकडोजी महाराजांनी खंजिरीवर भजनं म्हणत गावं जागी केली, हे चौथीच्या मुलांना सांगितलं की ती वाद्याकडे वेगळ्या नजरेनं बघतात.

चामड्याच्या वाद्यांना आपलं हवामान सोसत नाही. मे महिन्याच्या कोरड्या उन्हात पान, म्हणजे वाद्यावरचं चामडं, ताणलं जातं, सूर चढतो, कधी पान फाटतं. पावसाळ्यात तेच पान ओल धरून सैल पडतं आणि ढोलकी भद्द वाजते. ढोलकी कूलरसमोर ठेवू नका, ओलसर हवा थेट पानावर येते. पेटी उन्हाच्या खिडकीजवळ नको. वाजवून झाली की भाता मिटवून कडी लावा. धुळीचा कण स्वरपट्टीत अडकून एखादा सूर आपोआप वाजत राहतो. तेव्हा आत टाचणी घालू नका, दुरुस्तीवाल्याकडे न्या.

वर्षाचं गाणं आपल्या सणांतून घ्या

वेगळी गाणी शोधत इंटरनेटवर फिरायची गरज कमी पडते, कारण आपल्याकडचं वर्ष गाण्यांनी भरलेलं आहे.

पोळ्याला झडत्या, म्हणजे यमक जुळवलेल्या ओळी, असतात. तोरणाखाली एक जण झडती म्हणतो आणि सगळे मिळून ‘हर बोला हर हर महादेव’ म्हणतात. एकानं म्हणायचं आणि सगळ्यांनी उत्तर द्यायचं, हा समूहगानाचा पहिला धडा यात तयार मिळतो. सूर नाही, नुसती लय आणि यमक. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, मुलं लाकडी नंदी घेऊन बोजारा (खाऊ-पैसे) मागत घरोघरी फिरतात. त्याच्या आधीच्या आठवड्यात मी मुलांना स्वतःच्या झडत्या करायला लावते : आपल्या शाळेवर, पावसावर, गृहपाठावर. चार ओळी, शेवटी यमक. ज्या मुलांना निबंधाच्या पाच ओळी लिहिता येत नाहीत, ती झडती जोडतात.

भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई, म्हणजे मुलींनी जमून गाणी म्हणायचा उत्सव. टिपऱ्यांवर म्हणायची ही गाणी केरव्यात छान बसतात, आणि शेवटी खिरापत ओळखायचा खेळ असतो. ही गाणी मुलींची मानली जातात. माझ्या वर्गात मुलगेही टिपऱ्या घेऊन बसतात, पालकांनी कधी हरकत घेतली नाही. वर्गातल्या एखाद्या आजीला शाळेत बोलवा. तिला चाळीस गाणी येत असतात आणि ती कुठे लिहिलेली नसतात. वही तयार ठेवा.

स्वातंत्र्यदिनाला एक नवीन समूहगीत पुरतं. लेझीम क्रीडा शिक्षकांबरोबर मिळून बसवा, मात्र दोघांनी मोजणी एकच ठेवा, नाहीतर मुलं दोन गुरूंमध्ये अडकतात.

गॅदरिंग

डिसेंबर-जानेवारीत गॅदरिंग येतं. दिवाळीनंतर शाळा उघडली की त्याच आठवड्यात यादी करा. सहा आठवडे हातात असतील तर तासिका बुडवाव्या लागत नाहीत. रोजची दहा मिनिटं पंधरा करायची एवढंच.

वर्षभर गायलेलंच मंचावर न्या. प्रत्येक वर्ग पूर्णच्या पूर्ण एकदा तरी मंचावर आलाच पाहिजे. चाळीस मुलांचा वर्ग मंचावर मावत नसेल तर मंचाखाली पायऱ्यांवर उभा करा, पण अर्धा वर्ग प्रेक्षकांत ठेवू नका. पेनड्राइव्हवरच्या सिनेगीतावर नाच करायचा आग्रह पालकांकडून होतो. दोन-तीन नाच ठेवा, मुलांनाही हौस असते. बाकी कार्यक्रमात मुलांचा स्वतःचा आवाज ऐकू आला पाहिजे. ट्रॅकवर गायचं असेल तर ट्रॅकची पट्टी मुलांच्या आवाजाची आहे का, हे आधी बघा. बाजारातले बरेच ट्रॅक मोठ्यांच्या पट्टीत असतात. मोबाइलच्या अॅपवर पट्टी वरखाली करता येते.

सभागृह घ्यावं की शाळेचं पटांगण? रेशीमबागेतलं कविवर्य सुरेश भट सभागृह सुमारे दोन हजार आसनांचं आहे, सिव्हिल लाइन्समध्ये वसंतराव देशपांडे सभागृह आहे. मोठ्या शाळांना ती लागतात. माझं मत मात्र पटांगणाच्या बाजूनं आहे. सहा वर्षांच्या मुलाला अंधारातल्या हजार चेहऱ्यांपेक्षा ओळखीच्या कडुलिंबाखाली गाणं सोपं जातं, आणि तालीमही त्याच जागी होते.

आवाजाच्या यंत्रणेवर एक संध्याकाळ आधी अर्धा तास घालवा. स्पीकर माइकच्या पुढे, प्रेक्षकांकडे तोंड करून हवेत. ते मुलांच्या मागे ठेवले की माइक शिट्टी मारतो आणि लहान मुलं कानांवर हात ठेवून गाणं सोडून देतात. समूहासाठी हातातला माइक देऊ नका, ज्याच्या हातात असेल त्याचाच आवाज येतो. उभे दोन माइक, मुलांच्या छातीच्या उंचीवर, दोन-तीन फूट अंतरावर. गाणी पेनड्राइव्हवर कार्यक्रमाच्या क्रमानंच आकडे घालून ठेवा, आणि तीच एका मोबाइलमध्येही ठेवा.

पहिली-दुसरीचे कार्यक्रम सगळ्यात आधी. नागपूरची डिसेंबरची संध्याकाळ चांगलीच गार असते, नाचाच्या पातळ कपड्यांत मुलं कुडकुडत बसतात. पालकांना स्वेटर आणायला आधीच सांगा. ध्वनिक्षेपक रात्री १० नंतर चालत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. तुम्ही ८ वाजता संपवा. मुलांचे व्हिडिओ शाळेबाहेर टाकण्याआधी पालकांची लेखी परवानगी घ्या.

कार्यक्रमात कुणी ओळ विसरलं तर पेटीवाल्यानं तीच ओळ पुन्हा वाजवायची, हे आधी ठरवून ठेवा. मुलांनाही सांगा की असं होतं आणि आपण पुन्हा धरतो. हे सांगितलेलं असलं की सहसा कुणी विसरत नाही.

तुमचं स्वतःचं शिकणं

पेटी शिकायची असेल तर शहरात शिकवणारे बरेच आहेत. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची ‘प्रारंभिक’ परीक्षा कोणत्याही वयात देता येते. मी चाळिशीत दिली, माझ्याच शाळेतल्या पाचवीच्या मुलीशेजारी बसून. सिव्हिल लाइन्समधल्या दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राच्या कार्यक्रमांना जात राहा, तिथे लोककलावंत जवळून ऐकायला मिळतात. खडी गंमतीतला (विदर्भातल्या लोकनाट्यातला) डफ आणि तुणतुणं मुलांना एकदा समोर बसून ऐकवा. हातभर अंतरावरून डफाची थाप ऐकलेलं मूल घरी जाऊन डब्यावर ती वाजवून बघतं.

एप्रिलमध्ये, शाळा संपण्याआधी

वहीत प्रत्येक गाण्यापुढे तीन गोष्टी लिहा : कोणती पट्टी, कोणता ताल, कुणाच्या घरून आलं. पुढच्या वर्गाच्या शिक्षकांना ती वही दाखवा, म्हणजे मुलांना तीच गाणी पुन्हा पहिल्यापासून शिकवली जाणार नाहीत. पेटी पुसून कापडात गुंडाळून आतल्या भिंतीच्या कपाटात ठेवा. आणि शेवटच्या दिवशी कुलूप लावायच्या आधी ढोलकीच्या कड्या सैल करा. दीड महिना ती बंद खोलीतल्या उन्हाळ्यात एकटी असणार आहे.